लाल ठिपक्याची थाळी

“वैजी,” असं म्हणत रखमाने पहिली गोळी तोंडात टाकली आणि वर घटाघटा पाणी प्यायली. दुसऱ्या गोळीलाही “वैजी.” अशा सातही गोळ्या पोटात गेल्या. औषध नीट घेतलं जातंय ना, हे बघायला आलेली आरोग्य केंद्रातली दीक्षा हसायला लागली. बाकीचे पेशंट गोळी घेताना देवाचं नाव घेतात, असं ती म्हणाली.

“देवीचं नाव सकाली घेते मी,” रखमा म्हणाली. “गोली कडू हाय. तिला नाव पन कडूच पायजे.”

वैजी म्हणजे वैजयंती, रखमाची धाकटी जाऊ. सारसोळे गावात दोघींची घरं एकाच भिंतीला टेकलेली. नेरूळच्या मासळी बाजारातला सासूचा ओटा रीतीप्रमाणे थोरल्या सुनेकडे आला होता, आणि वीस वर्षं रखमाने तो तोऱ्यात चालवला. मग एके दिवशी खोकल्यातून रक्त पडलं. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी निघाला, दीड वर्षाच्या गोळ्या लागल्या. रखमाने स्वतःच्या हाताने आपली मासे कापायची कोयती वैजयंतीला दिली आणि मी बरी होईपर्यंत बस म्हणून सांगितलं.

वैजयंती बसली ती बसलीच. दुपारचं जेवण ती रखमाला नेमाने पाठवायची, पण त्यासाठी एक थाळी वेगळी काढून तिच्या काठावर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. रखमाने तेही मुकाट्याने गिळलं. घरात पोरं आहेत, भीती वाटायचीच, असं मनाला समजावलं. पण सात महिन्यांनी थुंकीची तपासणी साफ आली, डॉक्टरांनी कामाला जायला हरकत नाही म्हटलं, आणि रखमा हौसेने पाटी भरून बाजारात गेली, तेव्हा वैजयंती ओट्यावरून हललीसुद्धा नाही. उभ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ताय, तुला टीबी हाय ना? लोकांच्या खान्याला हात नको लावू.”

गिऱ्हाइकं पांगली. भरलेली पाटी तशीच घेऊन रखमा घरी आली आणि देव्हाऱ्यातल्या एकवीरेपुढे तिने नारळ ठेवला. “आय, मला बरी कर. आनि मंग तिला माज्या ओट्यावरून उठव. सगल्यांच्या समोर.” असा नवस कोणी बोलतं का? रखमा बोलली.

पण देवीवर भार टाकून स्वस्थ बसणाऱ्यातली ती नव्हती. औषधाने ओकाऱ्या यायच्या, पायांना मुंग्या यायच्या. तरी सकाळी उठून ती खाडीवरच्या जेट्टीच्या वाटेला लागायची. पहिल्या दिवशी विजेचे दोन खांब चालून झाले आणि ती मटकन खाली बसली. महिन्याभरात दहा खांब झाले. मग डोक्यावर रिकामी पाटी घेऊन, मग पाटीत पाण्याच्या बाटल्या भरून. उकडलेलं अंडं ओकून पडलं, तर ती दुसरं सोलायची. नवरा दिलीप म्हणायचा, एवढा राग बरा नव्हे, तब्येतीला झेपायचा नाही. उलट त्या रागावरच तिचं नऊ किलो वजन वाढलं.

दीड वर्ष संपलं. दीक्षाने पूर्ण बरी झाल्याचा कागद आणून दिला आणि रखमाने नवस फेडायचा दिवस ठरवला. सासूने घालून दिलेली रीत अशी, की देवीकडे काय मागितलं ते गावदेवीच्या देवळात बायकांसमोर मोठ्याने बोलायचं, नाहीतर नवस फिटत नाही. दिलीपने परोपरीने विनवलं, की नुसतं ‘बरी कर’ एवढंच म्हण, बाकीचं देवीला ठाऊक आहे. रखमाने ऐकलं नाही. ओटीचं ताट धरायला वैजयंतीच उभी होती, कारण जावेचा मान तिचा. तिच्या तोंडावर रखमा आपला नवस शब्दन् शब्द बोलली.

ताट कलंडलं, तांदूळ सांडले. वैजयंतीने खाली बसून ते ओंजळीत गोळा केले. “उद्यापासून तू बस, ताय,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रखमा ओट्यावर बसली. समोर बोय आणि कोलंबी मांडली, मागे कागद लॅमिनेट करून टांगला. गिऱ्हाइकं येत, वैजयंती कुठे म्हणून विचारत आणि शेजारच्या ओट्याकडे सरकत. वैजयंतीचा तो एक शब्द बाजाराच्या डोक्यात पक्का बसला होता. दुपार होत आली, बर्फ वितळला, तरी एक मासा विकला गेला नाही. रखमाला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही तिला संताप येत होता.

तेवढ्यात वैजयंती आली आणि गिऱ्हाइकासारखी ओट्यासमोर उभी राहिली. आजूबाजूच्या कोयत्या थांबल्या. जिने हात नको लावू म्हटलं, तिनेच या हातचं खाल्लं तर लोक खातील, हे दोघींनाही कळत होतं.

“दोन बोय दे, ताय.”

रखमाने मासे साफ करून कापले. वैजयंतीने पिशवी पुढे केली, ती रखमाने घेतली नाही. ओट्याखालून तिने लाल ठिपक्याची थाळी काढली. सकाळी येताना ती मुद्दाम आणली होती. “यात ने. बाजाराच्या मधनं.”

वैजयंतीने थाळी घेतली. वर पदरही न घालता, तळहातावर धरून ती भर बाजारातून चालत गेली. तासाभरात रखमाची पाटी रिकामी झाली.

रखमा घरी आली तेव्हा वैजयंती आपल्या उंबऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी बसून भात कालवत होती. त्याच थाळीत. तिने मान वर केली नाही. रखमाला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, मागितल्यापेक्षा थोडं जास्तच.

ती आत गेली. दोन घास खाऊन उठली. सवयीने तिचा हात फळीवरच्या डब्याकडे गेला. गोळ्या संपून तीन दिवस झाले होते. नाव मात्र तोंडात आलं होतं, ते बाहेर पडलं.

“वैजी.”

“ओ, ताय,” भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं.

रखमा पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.