टेबलाखाली पाल आहे

मी पाल बोलतेय. तीच, शंकेची. कुणाच्या मनात जरा खुट्ट झालं की लगेच म्हणतात, ‘पाल चुकचुकली.’ अहो, शंका तुमची, मन तुमचं आणि बदनामी माझी? डास हुकला की तुम्ही नाही का ‘च्च’ करत? मी पण तेवढंच करते.

माझा जन्म शाळेतल्या एका फळ्यामागे झाला. आईने दोन अंडी घातली आणि ती निघून गेली. जाते म्हणून सांगितलंसुद्धा नाही. दुसऱ्या अंड्यातून माझा भाऊ आला. तो पुढे ऑफिसच्या दारात चेंगरला. सगळे म्हणाले, अपघात. माझा त्या दारावर अजून डोळा आहे.

फळ्याच्या मागे मी, पुढे वळणबाई. खरं नाव वेगळं होतं, पण मुलांना कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहायचं अक्षर शिकवायच्या, म्हणून वळणबाई. खडू फळ्यावर टेकवला की शब्द संपेपर्यंत उचलायच्या नाहीत. शब्द लांब असला तर श्वाससुद्धा घ्यायच्या नाहीत. मला झाडू दाखवला नाही असं त्या शाळेतलं हे एकच माणूस.

मुलांना तो तास अजिबात आवडायचा नाही. बोटं दुखायची, डावखुऱ्यांचा तळहात निळा व्हायचा, शेपटीवाली अक्षरं खालच्या ओळीत घुसून मारामाऱ्या करायची. आणि मग एक दिवस अचानक सगळा वर्ग मान खाली घालून लिहायला लागला. मधल्या सुट्टीतसुद्धा!

“काय रे, बरं नाही का तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“छे हो बाई, आवडतं आम्हाला,” वकील म्हणाली.

वकील म्हणजे दुसऱ्या बाकावरची मुलगी. कुणी ‘आज ऊन आहे’ म्हटलं तरी ‘कशावरून?’ विचारायची, म्हणून हे नाव. तिने ‘आवडतं’ म्हटल्यावर मी चुकचुकले. या वेळी डास नव्हता.

झालं होतं ते असं. एकदा वकिलीणबाईंनी शेजारणीला हसवायला म्हणून कर्सिव्हमध्ये रजेचा अर्ज लिहिला: ‘सर, माझं पोट एकदम छान आहे, तरी मी उद्या येणार नाही.’ आणि गडबडीत खऱ्या अर्जाऐवजी तोच मोठ्या सरांच्या हातात दिला.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. शेजारचीच खोली त्यांची. मधल्या झरोक्यातून माझं जाणं-येणं असायचं. सरांनी कागद जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून पुसला, परत घातला.

“अरेरे,” ते म्हणाले. “डॉक्टरांना दाखवलंस का?”

आणि खाली लिहिलं, ‘मंजूर.’

दुसरी एखादी असती तर खूश होऊन घरी गेली असती. पण ही वकील! तिला पुरावा लागतो. दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद नेला. झोकदार, लपेटीदार अक्षर. ‘सर, तुमच्या टेबलाखाली पाल आहे.’

आता हे सर मला इतके घाबरतात की एकदा मला बघून खुर्चीवर चढले होते आणि शिपाईदादा येईपर्यंत तिथूनच फोनवर सांगत होते, “हो हो, सगळं कंट्रोलमध्ये आहे!” आणि मी त्या दिवशी खरोखरच टेबलाखाली होते. त्यांच्या बुटापासून वीतभर.

सरांनी कागद वाचला. म्हणजे बघितला. गंभीरपणे मान हलवली. “धीर धर हो, बाळ,” म्हणाले. ‘मंजूर.’

बूट जागचा हलला नाही. वकील वाकली, तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. खटला तिथेच निकालात निघाला. सरांना जोडून लिहिलेलं ओ की ठो वाचता येत नव्हतं. ते शिकले त्या शाळेत हा तासच नव्हता, आणि एवढा मोठा माणूस झाल्यावर विचारायचं कुणाला?

त्यानंतर अर्जांचा पूर आला. ‘आजी ठणठणीत आहे, मला कंटाळा आलाय.’ सर पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “जे झालं त्याला आपला इलाज नाही.” वळणबाईंच्या तासाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. बाई मात्र वह्या उजेडात धरून बघायच्या आणि पुटपुटायच्या, “कुठेतरी पाणी मुरतंय.”

मुलांवर बाईंचा संशय, आणि सरांवर माझा. कारण सरांनी नोटीस लावली: कर्सिव्हचा तास बंद करून कॉम्प्युटरचा तास सुरू करायचा, पालकसभेत मत घेणार. तास गेला की वळणबाईही जाणार होत्या. दुसरा विषय त्यांच्याकडे नव्हताच. त्या दिवशी त्यांनी फळा पुसला आणि बराच वेळ डस्टर हातातच धरून उभ्या राहिल्या.

सभा आमच्याच वर्गात भरली. मी ट्यूबलाइटवर.

“जगात कोण हाताने लिहितं आता?” एक बाबा म्हणाले. “सहीसुद्धा अंगठ्याने होते.”

“वा!” कुणाचे तरी आजोबा उठले. “म्हणजे आम्ही शाळेत गेलो, अंगठाबहाद्दर म्हणवून घ्यायला नको म्हणून. आणि फिरून परत अंगठाच?”

“पण आजोबा, माझ्या लेकीचा हात निळा होतो त्याचं काय?” डावखुरीची आई म्हणाली.

“तिच्या कागदाचं तोंड बदलते मी, तिरका ठेवायला शिकवते,” वळणबाई म्हणाल्या. “मला थोडा वेळ द्या.”

मतं निम्मी-निम्मी झाली. शेवटचं मत सरांचं. सरांनी घसा साफ केला, तेवढ्यात वकील पुढे आली.

“सर, हे मुलांचं निवेदन.” पूर्ण कर्सिव्हमध्ये. सगळ्या वर्गाच्या सह्या. सगळा वर्ग खिडकीबाहेर नाकं चेपून उभा.

“वाचा की सर मोठ्याने!” आजोबा म्हणाले.

सरांनी कागद जवळ धरला, लांब धरला. चष्मा काढला, पुसला. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब आला. मला वरून सगळं दिसत होतं, आणि कसं कोण जाणे, माझी पकड सुटली.

पडले ती थेट निवेदनावर.

सर खुर्चीवर, कागद जमिनीवर, मी पळाले आणि माझी शेपटी तिथेच राहिली. शेवटच्या अक्षराखाली अशी वळवळत होती की बाईंनासुद्धा ते वळण काढायला जमलं नसतं.

बाईंनी कागद उचलला. शेपटी हळूच बाजूला केली आणि मनात वाचलं: ‘आम्हाला कर्सिव्ह हवं, कारण ते सरांना वाचता येत नाही.’

मुलांचं प्रेम, अर्जांचा पूर, सगळं त्यांना एका दमात कळलं. पडल्या चेहऱ्याने त्यांनी वर बघितलं. खुर्चीवर सर उभे होते, आणि त्यांना कळलं होतं की बाईंना कळलंय. एक वाक्य मोठ्याने वाचायचा अवकाश, बाईंचा तास वाचला असता आणि सरांचं तोंड काळं झालं असतं. खिडकीबाहेर वकिलीणबाईंचा चेहरा पांढराफटक. बाई वाचतील, हा मुद्दा तिच्या लक्षातच आला नव्हता.

बाईंनी श्वास घेतला. एकदाच.

“मुलं म्हणतात,” त्या म्हणाल्या, “कर्सिव्ह शाळेत सगळ्यांना वाचता यायला हवं. ज्यांचं राहून गेलं, त्यांनासुद्धा.”

सरांनी खुर्चीवरूनच हात वर केला. “माझं मत... तास राहू दे.”

आता शाळा सुटली की एका छोट्या बाकावर गुडघे दुमडून एक मोठा माणूस चार ओळींच्या वहीत लिहितो. “खडू... म्हणजे पेन उचलायचं नाही, सर!” “श्वास तरी घेऊ का, बाई?” मी फळ्यामागून बघते. माझी शेपटी नवी येतेय. जुनीसारखी नाही, जरा आखूड, जरा वाकडी. सरांच्या अक्षरासारखी.

गेल्या आठवड्यात वकील अर्ज घेऊन गेली: ‘आजी ठणठणीत आहे.’ सरांनी नेहमीसारखं ‘अरेरे’ केलं, पाठीवर हात ठेवला आणि खाली वाकडंतिकडं पण एका दमात जोडून लिहिलं: ‘नामंजूर. आजींना नमस्कार सांग.’

दुसऱ्या सकाळी टेबलावर नवं निवेदन होतं. सुट्या, ठसठशीत अक्षरांत: ‘कर्सिव्ह ताबडतोब बंद करा.’ सगळ्या वर्गाच्या सह्या.

सरांनी ते चौकटीत लावलंय. बाई येता-जाता वाचून हसतात.

तेव्हा एवढंच सांगायचंय, पुढच्या वेळी शंका आली तर माझं नाव मध्ये घेऊ नका. आम्ही कधीकधी शेपटी देऊन माणसांची अब्रू वाचवतो.

आणि हो, परवापासून वकील उजवीकडून डावीकडे लिहायला शिकतेय. म्हणते, आरशात धरलं की सरळ वाचता येतं. सगळा वर्ग परत मान खाली घालून बसलाय.

मी चुकचुकले. मग हात धुण्याच्या बेसिनवर जो आरसा आहे, त्याच्यामागे मुक्काम हलवला.