बारा वाजता काकू उठतात

वृद्धाश्रमातल्या बेचाळीस माणसांपैकी एकोणचाळीस जण स्वयंपाकवाल्या काकूंपेक्षा वयानं मोठे होते, आणि सगळेच त्यांना काकू म्हणायचे. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. जिच्या हातात डाव आहे तिचं वय विचारायला कोण जातंय!

काकूंची एक पद्धत होती. बरोबर साडेअकराला त्या शिजलेल्या प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी भरून घेत, वाढायच्या खिडकीला लागून असलेल्या उंच स्टुलावर बसत आणि सगळ्यांच्या देखत खात. मग हात मांडीवर ठेवून अर्धा तास तशाच बसून राहत. समोर घड्याळ. खिडकीपलीकडे जेवणघरात बेचाळीस माणसं रिकामी ताटं पुढ्यात घेऊन काकूंच्या तोंडाकडे बघत असत. बाराच्या ठोक्याला काकू उठत, एप्रनला हात पुसत आणि म्हणत, "चला." मग जेवण सुरू होई.

तेवीस वर्षं हे असं चाललं होतं. तेवीस वर्षांत काकूंना स्टुलावर काहीही झालं नव्हतं. आश्रमात अधूनमधून पाच-दहा जणांची पोटं बिघडत, पण ती संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी. तेव्हा त्याचा स्टुलाशी काही संबंध नव्हता. "हवा बदललीय," काकू म्हणत, आणि सगळे खिडकीबाहेर बघून मान डोलावत.

खिडकीजवळची पहिली खुर्ची ताईंची. ताई म्हणजे काकूंची सख्खी थोरली बहीण, वय वर्षं एक्याऐंशी. डॉक्टरांनी त्यांना काय खायचं, काय नाही याचा मोठा कागद लिहून दिला होता. ताईंनी तो चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला होता. "मला कागद कशाला?" त्या म्हणायच्या. "धाकटी उठली की मी जेवते."

आश्रमाच्या वर्धापनदिनी सकाळी सात वाजता नर्सबाई गरम पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आल्या. त्यांना इथं येऊन दोनच महिने झाले होते. ओट्यावर गुडघ्याएवढं उंच पातेलं झाकून ठेवलेलं होतं.

"हे काय, काकू?"

"भात. शंभर पानं उठायचीत आज. सकाळी शेगडीवर रस्सा असणार, भाज्या असणार. म्हणून कालच रात्री आठला करून ठेवला."

"आणि रात्रभर बाहेरच?"

"गरम होता ना! गरम गरम कसा ठेवणार फ्रीजमध्ये? म्हटलं, निवला की ठेवू. मग राहिलं."

नर्सबाईंनी खण उघडला. त्यात लांब सुईचं एक थर्मामीटर होतं. आश्रमाला ते कुणीतरी भेट दिलं होतं, आणि काकू त्यानं बाटल्यांची घट्ट बुचं उचकटत. नर्सबाईंनी ते धुतलं, पुसलं, भाताच्या पोटात खुपसलं आणि थोडा वेळ थांबल्या.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "काकू, याला ताप आहे."

"पातेल्याला कसला ताप?"

"अकरा तास झाले तरी आत कोमट आहे. तुम्ही दुलईत गुरफटून झोपता तेव्हा बाहेरून दुलई गार लागते, पण आत ऊब असतेच ना? तसंच हे. भातातले काही जंतू उकळल्यावरही मरत नाहीत, नुसते दडून बसतात. पाणी आटलं, ऊब मिळाली की बाहेर येतात, आणि रात्रभर त्यांचा संसार चालतो."

काकूंनी झाकण उचललं, वाकल्या, दीर्घ श्वास घेतला. या नाकावर त्यांचा फार भरवसा होता. "वास बघा. कालच्यासारखाच आहे."

"वास येत नाही याला."

"मग वाफ आणते चांगली. चटका बसेल इतकी. काय जगेल त्यात?"

"जंतू मरतील. पण त्यांनी जे विष सोडलंय ते नाही जाणार. विष जिवंत नसतंच, काकू. मरणार कसं?"

काकूंना हे पटलं नाही. "मग माणसाला कळायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी कळतं," नर्सबाई म्हणाल्या.

एवढ्यात मॅनेजर आले. अंगात नवा कोट, हातात पाहुण्यांची यादी. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं, घड्याळात बघितलं, यादीत बघितलं आणि निकाल दिला. "यात भांडण्यासारखं काय आहे? आपली पद्धत आहे ना? साडेअकराला काकू खातील. काही झालं तर भात टाकू. नाही झालं तर वाढू."

"साहेब, अर्ध्या तासात काही होत नसतं," नर्सबाई म्हणाल्या.

"तेवीस वर्षं होत नाहीये, तेच तर म्हणतोय मी," मॅनेजर म्हणाले आणि हार आले का बघायला निघून गेले.

साडेअकराला काकू स्टुलावर बसल्या. भातातून वाफ निघत होती. त्यांनी वाटी रिकामी केली, रस्सा संपवला, भाज्या संपवल्या आणि हात मांडीवर ठेवले. जेवणघर फुलून गेलं होतं. मुलं, सुना, जावई, नातवंडं, सगळे नव्या कपड्यांत, आणि पाहुण्यांनाही जुन्या लोकांनी बजावून ठेवलं होतं: त्या बाई उठेपर्यंत चमच्याला हात लावायचा नाही. ताईंनी रुमाल गळ्याशी खोचला होता. हातात चमचा तयार होता.

पावणेबाराला नर्सबाई आपली वही घेऊन स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या.

"काकू, एक विचारू? तुमचं पोट कधी बिघडलंय?"

"कधीच नाही."

"लहानपणीसुद्धा?"

"अहो, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात दीडशे माणसं आडवी झाली होती. मी दोनदा वाढून घेतलं होतं," काकू म्हणाल्या. आवाजात अभिमान होता, तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "आमचे वडील म्हणायचे, हिला खिळे घातले तरी पचवेल."

नर्सबाईंनी मान हलवली. "मग मला सांगा. पूल पक्का आहे का बघायचं असेल, तर त्यावरून मांजर नेऊन काय कळणार?"

काकू पुलाचा विचार करत होत्या. मग मांजराचा.

नर्सबाईंनी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. एका रकान्यात तारखा, पुढच्या रकान्यात पोट बिघडलेल्यांची नावं. आधीच्या नर्सबाईंनी कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच लिहिलं होतं: हवा बदलली. काकूंनी तारखा वाचल्या. नव्या वर्षाच्या जेवणाचा दिवस. अध्यक्षांच्या साठीचा दिवस. तीन महिन्यांपूर्वी, नव्या खोल्यांच्या उद्घाटनाचा दिवस. हवा नेमकी गोडाधोडाच्या, पाहुण्यारावळ्यांच्या दिवशीच बदलत होती.

उद्घाटनाच्या खाली सात नावं होती. चौथं ताईंचं. पुढे बारीक अक्षरात: दवाखान्यात हलवले, चार दिवस सलाईन.

काकूंना तो भात आठवला. तोही आदल्या रात्रीचा होता. त्याच पातेल्यात, त्याच ओट्यावर. त्या दिवशीही बारा वाजले होते, काही झालं नव्हतं, आणि काकू उठून 'चला' म्हणाल्या होत्या. ताईंनी दोनदा भात घेतला होता. दुसऱ्यांदा घेताना म्हणाल्या होत्या, "तू खाल्लास ना, मग झालं."

काकूंनी वही मिटली.

घड्याळात बारा वाजले.

काकू बसूनच राहिल्या.

जेवणघरात सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्च्या सरकल्या. बारा वाजून एका मिनिटानं हेडमास्तर उभे राहिले. ते सेवानिवृत्त होते, पण उभं राहायची सवय गेली नव्हती. "घड्याळ पुढे आहे का?" त्यांनी विचारलं. "नाही," कुणीतरी म्हणालं. "मग काकू मागे आहेत," हेडमास्तर म्हणाले आणि बसले.

बारा वाजून चार मिनिटांनी मॅनेजर खिडकीशी धावत आले. "काय होतंय, काकू? मळमळतंय?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही."

"पोटात कळ?"

"काही नाही होत, साहेब."

"मग उठा की!"

"मला कधीच काही होत नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर उठत नाही."

मॅनेजरांनी हे मनातल्या मनात दोनदा फिरवून पाहिलं. "शंभर माणसं खोळंबलीत काकू. अध्यक्ष बसलेत. सगळ्यांसमोर शोभा होईल आपली."

"माझी होईल. तुम्ही सांगा, काकूंचा भात बिघडला." तेवीस वर्षांत हे वाक्य या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. काकू स्टुलावरून खाली उतरल्या, पण एप्रनला हात पुसले नाहीत. पातेल्याचा एक कान स्वतः धरला, दुसरा मॅनेजरांना धरायला लावला, आणि दोघांनी मिळून सगळा भात काळ्या पिशव्यांत भरून तोंडं बांधली, म्हणजे मागच्या गल्लीतल्या मांजरांनाही मिळायला नको. मॅनेजरांच्या कोटाला तीन शितं चिकटली. दिवसभर कुणी त्यांना ते सांगितलं नाही.

नवा भात रटरटायला लागला. तोवर काकूंनी सगळ्यांना गरम रस्सा वाढायला सांगितला, आणि स्वतः खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "भाताला वेळ आहे. चूक माझी आहे." हेडमास्तर म्हणाले, "माझी गोळी जेवणानंतरची आहे." काकू म्हणाल्या, "मग गोळीलाही वेळ आहे."

पाऊण वाजून गेल्यावर भात आला. नर्सबाईंनी चार मोठे पसरट ट्रे ओट्यावर मांडून ठेवले होते. उरलेला भात त्यांत दोन बोटं जाडीचा पसरायचा, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये, शिजल्यापासून दोन तासांच्या आत. काकूंनी ट्रेंकडे बघून, "एवढंच?" असं विचारलं. "एवढंच," नर्सबाई म्हणाल्या.

सगळे जेवू लागले. ताई सोडून.

"अगं, जेव ना," काकू म्हणाल्या.

"तू कुठे उठलीस?"

"आता त्याची गरज नाही, ताई. माझं पोट म्हणजे काही माप नव्हे. तीन महिन्यांपूर्वी तू दवाखान्यात गेलीस ना, ती हवा नव्हती. माझा भात होता."

ताईंनी धाकटीकडे पाहिलं. मग भाताकडे.

"हा कधीचा?"

"आत्ताचा. बघ, वाफ येतेय."

"बरं. पण तू बस आणि ऊठ. अर्धा तास नको, मला भूक लागलीय."

काकू स्टुलावर बसल्या. उठल्या. एप्रनला हात पुसले. "चल," त्या म्हणाल्या, आणि ताईंनी चमचा उचलला.

संध्याकाळी मॅनेजर मुद्दाम स्वयंपाकघरात डोकावले. "काकू, तुम्ही सकाळी वाटीभर खाल्लात तो भात. झालं काही?"

"नाही."

"म्हणजे चांगला होता. उगाच टाकला."

"मला खिळे पचतात, साहेब," काकू म्हणाल्या आणि ट्रे घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नर्सबाई गरम पाण्याला आल्या. हातात वही होती. काकू शेगडीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"ताईला रात्री झोप लागली?"

"लागली."

"आणि बाकीचे?"

"रकाना रिकामा आहे."

काकूंनी पाण्याचं भांडं उतरवलं, झाकण ठेवलं, आणि विचारलं, "हवा कशी आहे बाहेर?"

नर्सबाईंनी खिडकीतून बघितलं. "चांगलीच बदललीय, काकू. गार वारा सुटलाय."