उभी घोडी

इंग्रजांची पलटण बहारीन सोडून गेली त्याला चार-पाच वर्षं झाली होती, पण तिच्यातले काही म्हातारे अधिकारी कंपन्यांच्या नोकऱ्या धरून जुफैरला राहिले होते, आणि त्यांच्या कोटांच्या खिशांवर पलटणीचं चिन्ह जरीच्या तारेनं भरायचं काम मीना सलमान बंदराजवळच्या ताहिरच्या दुकानात माझ्याकडे येई. हे काम मला कोणी शिकवलं नाही. जुने बिल्ले उसवून पाहत मी ते शिकले, जसं डब्यांवरची अक्षरं लावत इंग्रजी शिकले, आणि माझा, रत्नाबाईचा, टाका सगळ्या मनामा शहरात ओळखला जात होता हे सांगायला मला कसला आला आहे संकोच.

मेजर हॅलम आला तो आपल्या टोपीवरचा पितळी बिल्ला घेऊन. वर मुकुट, आणि त्याखाली पुढचे दोन्ही गुडघे टेकलेली, खोगीर घातलेली, स्वाराविना घोडी. पलटणीच्या वार्षिक जेवणासाठी त्याला असे नवे बिल्ले हवे होते. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातला एक लहानसा गड पलटणीनं घेतला, किल्लेदार पडला आणि त्याची घोडी आपणहून कर्नलपुढे गुडघ्यांवर आली, तेव्हापासून हे चिन्ह, असं त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, घोडी कुणापुढे गुडघे टेकत नाही साहेब, ती उभी राहते, नाहीतर मरून पडते. तो हसला आणि माझं इंग्रजी गमतीदार आहे म्हणाला.

तरी काम ते काम. कागदावर आकृती काढली, रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडून खाका केला, तो कापडावर ठेवून खडूची पूड घासली आणि ठिपक्यांत उमटलेली ती वाकलेली घोडी ठिपक्याबरहुकूम भरली. डोळा सगळ्यात शेवटी भरायचा, ही माझी रीत. डोळा भरला, चहाला उठले, परत येऊन पाहते तर घोडी चारी पायांवर उभी. टाके माझेच, तार माझीच, आणि कुठे एक टाका ढिला नाही.

खाका चुकला, असं ताहिर म्हणाला. मुद्दाम केलं, असं मेजर म्हणाला. मी उसवून पुन्हा भरली. डोळा होईतो ती खाली असे, डोळा झाला की उभी. मग ताहिरनं ते काम माझ्यामागे सिराज कारागिराला दिलं. सिराजनं संध्याकाळच्या आत कापड परत आणून ठेवलं, त्यावरही घोडी उभीच, आणि तेव्हापासून तो माझ्या चौकटीकडे पाठ करून बसू लागला.

"बाई, आँख मत डालो," ताहिर अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "बिना आँख के बैठी तो रहती है. मेजर बिगड़ गया तो तुम्हारा व्हिसा खलास."

व्हिसा त्याच्याच दुकानाच्या नावावर होता. तो गेला की गावी भावाच्या दारात, भावजयीच्या हाताकडे बघत जगायचं, आणि तेच नको म्हणून मी विधवा बाई समुद्र ओलांडून आले होते. पण आंधळं जनावर माझ्या हातून बाहेर जाणार नव्हतं.

"मेजर को बुलाओ," मी म्हटलं. "आँख उसके सामने डालूँगी."

तो भर दुपारी आला, पांढरीशुभ्र पँट, इस्त्रीची घडी कडक. खुर्ची दिली तरी बसला नाही. माझ्या चौकटीपाशी ताठ उभा राहून सुईकडे पाहत राहिला. मी तार कापली, शेवटचा टाका ओढला आणि त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. मला कापडाकडे पाहायची गरजच नव्हती.

त्यानं कापडाकडे पाहिलं. मग त्यानं मुठीतला पितळी बिल्ला उघडून पाहिला, पुन्हा मूठ मिटली, आणि ताहिरला म्हणाला की काम बिनचूक आहे, ती उभीच होती, सगळे बिल्ले याच बाईकडून करून घ्यायचे. ताहिरच्या तोंडून नुसतं इंशाल्ला निघालं. मी मात्र सुई कापडात खोचली आणि राणीसारखी टेकून बसले.

मेजर मला टोपी काढून सलाम करून वळला, दाराबाहेरच्या पांढऱ्या वाळूतून गाडीपर्यंत गेला. त्याच्या पँटीच्या दोन्ही गुडघ्यांना ओली, तांबडी, कोकणातली माती लागली होती.