दुसरा भाग आहे, पहिला नाही

मी एका कादंबरीचा दुसरा भाग बोलतोय. नुसता दुसरा. माझी सुरुवातच अशी की नायक 'पुन्हा' त्या घरात शिरतो. आता पुन्हा म्हणजे काय, आधी कशाला गेला होता, ते सगळं पहिल्या भागात! उघडणारा एक पान वाचतो, कपाळाला आठ्या घालतो आणि मला मिटून ठेवतो. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

आम्ही दोघं भाग एकदमच एका चष्मेवाल्याच्या घरी आलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो आम्हाला काढून बसायचा. त्याला दोन मुली. धाकटीला दात येत होते तेव्हा तिनं पहिल्याचा कोपरा चावून चावून पार भुगा केला. "आमच्या घरात उंदीर झालाय," असं चष्मेवाला कौतुकानं येईल त्याला सांगायचा. थोरली मात्र जाम चिडायची. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला न शिवणारी बाई ती, तेव्हापासूनच.

पुढे चष्मेवाला गेला. काही महिन्यांनी दोघी बहिणी पुस्तकं वाटून घ्यायला फरशीवर बसल्या. लहानपणी गोळ्या वाटायच्या तसंच: एक तुला, एक मला. हसत-खिदळत चाललं होतं. पहिला भाग धाकटीकडे गेला आणि मी आलो थोरलीच्या वाट्याला.

"अगं, दोन्ही मलाच दे ना," थोरली म्हणाली. "तू काय, चावून टाकशील."

चेष्टाच होती हो ती! पण बापाच्या आजारपणात धाकटी एकटी राबली होती, आणि ते सगळं नेमकं तेव्हाच तिच्या तोंडून बाहेर पडलं. "बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा कुठे होतीस गं? आता दोन्ही मलाच दे म्हणायला बरी आलीस!"

थोरली ताडकन उठली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. इतकी वर्षं गेली, पण एकीनंही माघार घेतली नाही. बापाचा हट्ट मात्र दोघींनी न वाटता सारखा घेतला होता.

थोरली दवाखान्यात एक्स-रे काढायची. निवृत्त झाल्यावर तिचं घरात मन रमेना. मग तिच्या लेकीनं तिला एक संकेतस्थळ दाखवलं. तिथे आपापली पुस्तकं मांडून ठेवायची, दुसऱ्यांची बघायची आणि गप्पा मारायच्या. नव्या पुस्तकांच्या पाठीवरच्या काळ्या रेघा फोननं टिपल्या की झालं. माझ्या पाठीवर कुठल्या आल्यात रेघा! थोरलीनं माझा फोटो काढला आणि खाली स्वतः लिहिलं, 'दुसरा भाग आहे, पहिला नाही.'

तिथेच एक 'दुपारची वाचक' भेटली. थोरलीच्या पुस्तकांवर ती काहीबाही लिहायची, आणि थोरली चष्मा पुसून पुसून उत्तरं द्यायची. एके दिवशी त्या बाईनं स्वतःच्या एका पुस्तकाचा फोटो टाकला. मी टेबलावरच होतो. बघतो तर कोपरा चावलेला!

थोरलीचा हात थांबला. फोटो मोठा करून तिनं तो कोपरा नीट पाहिला. मग लिहिलं, "तुमच्या पुस्तकाचा कोपरा असा कशानं झाला हो?"

"घरात एक उंदीर होता. मोठी बहीण त्याला फार रागवायची."

"रागवत असेल. पण लाडही करत असेल."

"करायची," असं उत्तर आलं.

दोघींनाही सगळं कळलं होतं. पण नाव घेईल तर शपथ! तशाच परक्यासारख्या रोज बोलत राहिल्या, अहो-जाहो करत. थोरली स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. मला वाटलं, आज नाही तर उद्या एखादी बोलेलच.

तेवढ्यात कळलं की ते संकेतस्थळच बंद होतंय.

"यादी उतरवून घेते, आई," लेक म्हणाली. "काही जाणार नाही."

"आमचं बोलणं उतरतं का त्यात?"

"नाही गं. फक्त पुस्तकं."

शेवटच्या दिवशी धाकटीनं लिहिलं, "कादंबरीचा शेवट आठवत नाही. दुसरा भाग वाचायला पाठवशील, ताई?"

थोरली ढसाढसा रडली. उत्तर लिहायची आणि पुसायची, पुन्हा लिहायची आणि पुन्हा पुसायची. त्या नादात ते पान कायमचं बंद झालं. मग तिनं मला खाकी कागदात बांधलं आणि वर धाकटीचा पत्ता घातला. तो तिला तोंडपाठ होता.

"आण, मी पोस्टात टाकून येतो," तिचा नवरा म्हणाला.

"नको, आत दोन ओळी लिहायच्यात. मग मीच जाईन."

त्या दोन ओळी काही लिहून होईनात. दाराजवळच्या फळीवर मी कागदात घुसमटत पडून राहिलो. रोज जाता-येता ती माझ्यावर हात ठेवायची आणि 'उद्या' म्हणायची.

आणि परवा दारात एक पार्सल आलं. आत पहिला भाग होता. सोबत चिठ्ठी नाही की काही नाही.

"वा! संच पूर्ण झाला," नवरा म्हणाला. थोरलीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गुपचूप बाहेर निघून गेला. तिनं माझा कागद फाडला आणि मला पहिल्याशेजारी ठेवलं. "तिला वाटलं मी नाही म्हटलं," ती स्वतःशीच म्हणाली. "घे बाई दोन्ही, असं म्हणून तोडून टाकलं मला. आता कोणत्या तोंडानं फोन करू?"

अगं, तसं नाही गं! पहिल्यानं मला सगळं सांगितलंय. धाकटी बरेच दिवस पोस्टमनची वाट बघत होती. मग एका सकाळी तिनं आपलंच पुस्तक बांधायला घेतलं आणि मुलाला म्हणाली, "हे पोचलं की ताई फोन करेल बघ." आता ती फोन जवळ घेऊन बसली असेल. आंघोळीला जातानाही मुलाच्या हातात देऊन जात असेल.

मी इथून ओरडतोय, पण थोरलीला ऐकू जात नाही. तुम्हाला जातंय ना? मग कुणीतरी तिला एवढं सांगा हो. धाकटी अजून वाट बघतेय.