जीपच्या शेडातला फ्रीज

संजीवनीच्या बाबांनी लेकीला लग्नात दोन दारांचा फ्रीज दिला, तेव्हा मुरबाडकडच्या त्या गावात तसा फ्रीज कुणाकडेच नव्हता. तिच्या मोठ्या जावेला, चंदाला, तेच सललं. चंदा म्हणजे नाकाने कांदे सोलणारी बाई. "घरात जागा कुठाय गो?" म्हणत तिने आठवड्याच्या आत फ्रीज जीपच्या शेडात लावला. दगडी भिंती, वर पत्रा, मागे जांभळीची गर्द सावली. उन्हाचा कवडसा म्हणून आत यायचा नाही. माहेरची वस्तू जीपच्या टायरांशेजारी धूळ खात उभी राहिली, आणि संजीवनी नवी नवरी, भाजी ठेवायला रोज तिथेच जायची.

त्याच थंडीत म्हसा गावच्या जत्रेला बाबा डोळखांबहून आले. जत्रेच्या पाहुण्याला समुद्राचा मासा वाढायचा, हा त्या घराचा तोरा. कल्याणहून आणलेली सुरमई फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. इकडे पाट मांडले, तिकडे संजीवनीने कप्पा उघडला, तर बर्फाचा पत्ता नाही. मासा लिबलिबीत झालेला, खाली तांबूस पाणी, आणि वास पार ओटीपर्यंत. बाबा ऐकत होते तरी चंदा मोठ्याने म्हणाली, "माहेरचा माल ना. फ्रीजच नासका, मासा कुठून ताजा राहणार?"

बाबा पाटावरून उठले. टोपी डोक्यावर ठेवली आणि उपाशीपोटी रस्त्यावरची भाड्याची जीप पकडून गेले. त्यानंतर त्यांनी लेकीच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. बापाचा असा पाणउतारा कोणती लेक विसरेल?

संजीवनीचा भाऊ सुनिल शहापूरला फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात होता. त्याने येऊन फ्रीज तपासला आणि हसला. "काय झालं नाय याला. शेडातच एवढा गारठा हाय, की खालचा कप्पा आपसूक गार राहतो, आणि याला वाटतं आपलं काम झालं. मशीन सुरूच होत नाय. मग वरचा बर्फ वितळणारच. घरात घे, झकास चालंल."

संजीवनीने हे जावेला जसंच्या तसं सांगितलं. चंदा फिसकन हसली. "थंडीत फ्रीज चालत नाय? उद्या सांगशील, उन्हात चूल पेटत नाय."

बरं, म्हणाली संजीवनी मनात. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला मी काय तुझी बांधलेली नाय.

पुढच्या वर्षी थंडीने नुसता कहर केला. म्हशाच्या जत्रेला या वेळी चंदाचे भाऊ कसाऱ्याहून यायचे होते. उन्हाळा-पावसाळा फ्रीज बिनतक्रार चालला होता, तेव्हा मागचं सारं विसरून चंदाने पापलेटं आणली, ताटाएवढी, आणि साऱ्या आळीला दाखवून वरच्या कप्प्यात रचली. वर शहाणपणा असा, की बटण फिरवून पार एकावर आणलं. "बाहेर एवढी थंडी, मग मशीन कशाला जाळायची?"

संजीवनी भाजी ठेवायला शेडात गेली, तेव्हा मशीनची घरघर बंद होती. तिचा हात बटणाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात बाबांची टोपी डोळ्यांपुढे आली. तिने हात पदराला पुसला आणि शेडाचं दार ओढून घेतलं.

जत्रेच्या दिवशी भाऊ ओटीवर बसलेले असताना चंदाने कप्पा उघडला. वासाने कुत्री गोळा झाली. दोघा भावांतला थोरला, वाल्मिक, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "राहू दे ताई, आमी जत्रेतच खाऊ कायतरी." दोघे उठून गेले. आळीतल्या बाया कुंपणावरून माना लांबवून बघत होत्या, आणि संजीवनीच्या जिवाला असं बरं वाटलं, की वर्षभरात वाटलं नव्हतं.

चंदा शेडाच्या दारातच बसली. तोंड एवढंसं झालेलं.

"तुला ठाऊक होतं?"

"तुमाला पण होतं. मीच सांगितलेलं."

"मग या वक्ताला परत का नाय बोललीस?"

"माझे बाबा उपाशी चालले होते," संजीवनी म्हणाली, "तवा तुमी त्यांना मागं बोलावलंत?"

चंदाने उठून फ्रीजची पिन काढली. संध्याकाळी फ्रीज घरात आला, भिंतीला लागला आणि घुरघुरू लागला. चंदा त्याच्याकडे न बघता आतबाहेर करत होती. पापलेटं संजीवनीने स्वतःच्या हाताने परसात पुरली, हातपाय धुतले आणि पोटभर जेवली.