तळ्यातली तार

"पी ना गं बये," म्हणत ओग्दोने तांबड्या गाईची मान लोखंडी टाकीवर वाकवली. गाईने पाण्याला नाक लावलं आणि दचकून मागे सरली. सकाळपासून एकही गाय पाणी प्यायली नव्हती.

ओग्दोने हातमोजा काढून बोट बुडवलं. कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. ती तशीच घरी आली.

तिचा नवरा उइबान गावचा वायरमन. छातीच्या दुखण्याने चुलीपाशी बसून होता; थंडीत बाहेर पडलास तर संपलास, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"अर्थिंग तुटलं. टाकीत वीज उतरलीय," ऐकताच तो म्हणाला.

उत्तर ध्रुवाकडच्या त्या गावातली जमीन भर उन्हाळ्यातही हातभर खाली दगडासारखी गोठलेली. वीज तिच्यात उतरत नाही. म्हणून गोठ्याच्या अर्थिंगची तार तळ्यात नेलेली, बर्फाखालच्या मऊ गाळापर्यंत. दर हिवाळ्यात उइबान तारेच्या वाटेवर फांद्या रोवायचा. लोक त्या टाळून पिण्याच्या पाण्यासाठी बर्फ कापायचे. यंदा तो अंथरुणात होता.

शेजारचा ब्योतूर टोपी चुरगाळत दारात आला. "दादा, फांद्या दिसल्या नाहीत. म्हटलं, इथे तार नाही. घातली करवत."

"डोळे कुठे होते मेल्या?" ओग्दो कडाडली. मग नवऱ्याकडे वळली. "वीज बंद कर. शहरातून माणूस येईल."

"तोवर पंप गोठेल. वासरं मरतील."

"मरू देत!" ती म्हणाली खरी. वासरं तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलेली.

"म्हातारे, बूट दे माझे."

"ब्योतूर करील की, म्हाताऱ्या!"

"पहार तो मारील. जोड मीच देणार. कच्चा राहिला तर पुढच्या खेपेला नुसत्या मुंग्या येणार नाहीत तुला."

 बूट आणून तिने स्वतःच त्याच्या पायांत चढवले.

तळ्यावर ब्योतूरने बर्फ फोडला. जाड हातमोज्यांत तार पिळता येईना, म्हणून उइबानने ते काढले. दोन पीळ दिले की ओग्दो त्याचे हात आपल्या कोटात, काखेत धरी. पुन्हा दोन पीळ.

संध्याकाळी गाई आवाज करत पाणी प्यायल्या. उइबान रात्रभर खोकला.

हिवाळा सरून सूर्य जरा वर यायला लागण्याआधीच तो गेला. थडग्याच्या जागी लाकडं पेटवायची, वीतभर जमीन सुटली की खणायची, पुन्हा पेटवायची. ब्योतूर कुदळ कुणाच्या हाती देईना.

"ताई, घरी जा. गारठशील."

ओग्दो आगीपाशी बसून राहिली. दूध काढायची वेळ झाली तशी उठली, कोटावरची राख झटकली आणि गोठ्याच्या वाटेला लागली.