संथ ठोका

“गळपट्टा नादुरुस्त झाल्यामुळे लांडगीच्या मृत्यूची माहिती वेळेवर मिळू शकली नाही.”

मित्रांनो, संरक्षण केंद्राच्या स्वागतकक्षात काचेचे एक कपाट आहे. त्यात सुबक अक्षरांतला हा मजकूर लावलेला आहे आणि त्याच्या उशाशी मला ठेवले आहे. मी एक जुना गळपट्टा आहे. वाक्यात आरोपी मी, तेव्हा उत्तर देणेही माझ्याच वाट्याला आले.

आधी वाक्याची बांधणी पाहा. ‘मिळू शकली नाही’ याचा कर्ता कोण? माहिती. म्हणजे बिचारी माहितीच यायला निघाली होती आणि वाटेत तिचे काहीतरी अडले. ती कोणी दडवली, हे विचारायला या वाक्यात जागाच ठेवलेली नाही. उरलो मी. निर्जीव वस्तूच्या डोक्यावर खापर फोडण्याची सोय अशी, की ती उलट बोलत नाही. या वेळी बोलणार आहे.

माझा जन्म एका कार्यशाळेतल्या लांबट मेजावर झाला. जाड रबरी पट्टी, तिच्यात काड्यापेटीएवढी डबी, डबीत बॅटरी आणि बाहेर शेपटीसारखी निघालेली, हवेतून ठोके पाठवणारी तार. वर एक लोहचुंबक चिकटवलेले. ते असेतो माझा ठोका झोपेत. काढले की जागा. मला दोनच शब्द शिकवले होते. गळ्यातला जीव हिंडताफिरता असला की संथ ठोका. बराच वेळ कसलीच हालचाल जाणवली नाही, की घाईचा ठोका. त्याचा अर्थ एकच: या, काहीतरी विपरीत घडले आहे. दोन शब्दांच्या भाषेत खोटे बोलणे अवघड असते. माणसांची भाषा त्या मानाने फार समृद्ध आहे.

मला लांडगीच्या गळ्यात घातले ते केंद्राच्या निरीक्षिकाबाईंनी. लांडगी औषधाने निजलेली होती. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटे सरकतील एवढी जागा त्यांनी ठेवली, पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली आणि पुटपुटल्या, “रागावू नकोस गं बाई.” मग चुंबक काढले.

पुढची वर्षे मी धावत होतो. त्या लांडगीच्या पायाला भिंगरी होती. पाणी पिताना कान मागे, खाताना डोळा क्षितिजावर, झोपेतही गळ्यात गुरगुर. एका टेकडीवर बसली न बसली तोच दुसरी तिला हाका मारू लागे. तिची अस्वस्थता माझ्यात मुरली. थांबणे म्हणजे मरणे, हेच तर माझ्या डबीत भरलेले होते.

डोंगराच्या धारेवरच्या पत्र्याच्या खोलीत बाई रिसीव्हर लावून माझे ठोके ऐकत. घरी त्यांच्यासोबत धाकटा दीर राहायचा. बाईंनी शब्द टाकला म्हणून केंद्राच्या गाडीवर तो चालक म्हणून लागला होता. जेवताना तो रोज विचारायचा, “वहिनी, तुमची जाऊबाई आज कुठं भटकतेय?” बाई म्हणायच्या, “तुझ्यासारख्याला दुसरी कोण मिळणार? तिलाच आण घरात.” दिराचे लग्न जमत नव्हते, विनोद दोघांनाही जुना झाला होता, पण भाजीत मीठ तसा रोज लागे. हे सारे मी पुढे चौकशीच्या मेजावर पडल्या पडल्या ऐकले.

लांडगीला पिल्ले झाली. नर हिवाळ्यातच नाहीसा झाला होता, त्यामुळे सगळा संसार तिच्या एकटीवर. तेव्हा बाईंनी नियम घातला: ठोका संथ येतोय तोवर बिळाकडे कोणी फिरकायचे नाही. माणसाचा वास लागला तर आई पिल्ले तोंडात धरून जागा बदलते आणि वाटेत एखादे गमावते. नियम शहाणपणाचा होता. स्वतः बाईंनीही तो कधी मोडला नाही. दुर्दैव इतकेच, की तो माझ्यावर विश्वासून होता.

एका दुपारी केंद्रप्रमुख कुठूनसे वन्यजीवरक्षणाचे सन्मानचिन्ह घेऊन परतत होते. बैठकीला उशीर होत होता. त्यांनी गाडी टेकडीच्या बंद वाटेने घ्यायला सांगितली. दीर म्हणाला, ती वाट आपणच बंद केलीय. साहेब म्हणाले, “कोण बघतंय?”

बघत कोणीच नव्हते. लांडगी पिल्लांना ओकून भरवायचे मांस पोटात घेऊन वाट ओलांडत होती. धडकेनंतर तिचा गळा माझ्यावर थोडा वेळ हलला, मग हलला नाही. मी स्तब्धता मोजू लागलो. घाईचा शब्द माझ्या जिभेवर येत होता. एवढ्यात वरून आवाज आला, “पट्टा काढ. ठोका बदलायच्या आत.”

“पण साहेब…”

“तुझा कुत्रा आहे ना? त्याला घाल.”

“साहेब, वहिनी कान लावून बसलेली असते.”

“म्हणूनच सांगतोय.”

दिराच्या कुत्र्याचे नाव लाडोबा. मला त्याच्या गळ्यात अडकवून त्याला टेकडीपलीकडच्या ओसाड चौकीवर सोडले, आणि त्याचे खाणे तिकडे पोचवण्याची व्यवस्था झाली. लाडोबा फुलपाखरांच्या मागे धावे, स्वतःच्या शेपटीवर भुंके. मी संथ ठोके देत राहिलो. व्याख्येनुसार मी खरेच बोलत होतो: गळ्यातला जीव हिंडताफिरता होता. पण माझा प्रत्येक संथ ठोका धारेवरच्या त्या खोलीत जाऊन बाईंना एकच गोष्ट सांगत होता, की बिळाकडे जाऊ नका. मित्रांनो, तळमळणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. जिला सावध करायचे, तिलाच मी निर्धास्त करत होतो.

केंद्राच्या अहवालात लिहिले गेले, ‘हालचाल समाधानकारक’.

पण कुत्र्याची जात ती. लाडोबाला चौकीचा कंटाळा आला आणि तो केंद्राच्या स्वयंपाकघराची वाट धरू लागला. रिसीव्हरमध्ये ठोका रोज थोडा मोठा येऊ लागला. बाई घाबरल्या, लांडगी माणसांच्या वस्तीत कशी? साहेब डगमगले नाहीत. लांडगी माणसाळते आहे, हे आपल्या कामाचे यश आहे, असे त्यांनी बैठकीत जाहीर केले. बाईंनी तिथेच सांगितले, “साहेब, माणसाळलेला लांडगा म्हणजे मेलेला लांडगा. उद्या कोणीतरी तिच्या डोक्यात धोंडा घालेल.”

तिला हुसकावून रानात पळवायचे, म्हणून त्यांनी ओंजळभर खडे घेतले, अँटेना उचलली आणि ठोक्याच्या मागावर निघाल्या. माग संपला तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. तिथे लाडोबा उष्ट्याच्या पातेल्यात तोंड घालून उभा होता. त्याने ओळखीच्या माणसाला पाहून शेपूट हलवली.

बाई खाली बसल्या. माझ्याखाली त्यांनी दोन बोटे सरकवली. कुत्र्याची मान बारीक. अख्खा हात आत गेला. मग त्यांनी दिराला हाक मारली. तो हात पुसत आला आणि जागीच थबकला.

“जाऊबाई कुठंय?”

तो वाकून लाडोबाच्या गळ्यातून मला सोडवू लागला.

“कधीपासून?”

“मी विचारायचं थांबवलं ना, वहिनी,” तो म्हणाला, “तेव्हापासून.”

बाई मला मुठीत धरून बिळाकडे धावल्या. त्या हिसक्यांत मी अजून संथच बोलत होतो. माझी मला शिसारी आली. बिळात तीन पिल्ले होती. दोन एकमेकांना बिलगून गार झाली होती. तिसऱ्याने बाईंच्या बाहीचे टोक तोंडात धरले आणि चोखू लागले. बाईंनी त्याला पदरात घेतले आणि मला तिथेच, त्या दोघांच्या शेजारी ठेवून दिले. पुष्कळ वेळाने मी घाईचा ठोका दिला. अखेर खरे बोललो. पण धारेवरच्या खोलीत तेव्हा ऐकायला कोणी नव्हते.

तिसरे पिल्लू जगले. दूरच्या एका आवारात कुंपणाकाठी सतत येरझारा घालून त्याने मातीत वाट पाडली आहे, असे ऐकतो. दिराची नोकरी गेली. बाई त्याला वाढतात. विचारत काही नाहीत. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्यासाठी ते सुबक वाक्य लिहवून घेतले आणि चुंबक पुन्हा माझ्यावर चिकटवले.

मित्रांनो, मला जपू नका. मी रबर आहे. जपायचेच असेल तर एवढे करा: कोणी तुम्हाला ‘समाधानकारक’ म्हणून सांगितले, की उठा आणि स्वतः बिळापर्यंत जाऊन या. आणि या कपाटापाशी आलात, तर माझ्या वाक्याखाली बरीच कोरी जागा दिसेल. चौकशीत बाईंनी साहेबांना विचारले होते, की बिळात पिल्ले आहेत हे तरी तुम्हाला ठाऊक होते का. त्यांचे उत्तर त्या जागेत सहज मावले असते. कोणी लिहिले नाही, म्हणून शब्दशः देतो:

“पिल्लं आहेत हे मला माहीत होतं. पण त्यांच्या गळ्यात पट्टे नव्हते.”